तेवीसपैकी चार

पहिल्या आवृत्तीत सत्तेचाळीस ट्रॅक होते. आक्काताईंचा मूळ आवाज एक, त्याला साथ देणारे माझे सहा. तंबोरे दोन, ढोलकी तीन, संगणकातल्या व्हायोलिनचा ताफा बारा, बासऱ्या चार, क्लॅरिनेट पाच, संतूर दोन, घुंगरू-चिमटा-झांज मिळून सहा, बेस एक आणि मागे नुसते तरंगत राहणारे लांब सूर पाच. गाणं चार मिनिटं दहा सेकंदांचं. मी ते सोळा वेळा ऐकलं होतं. सतराव्यांदा लावलं तेव्हा आक्काताई भंडारे माझ्यासमोर बसल्या होत्या. डोळे मिटून नव्हे, माझ्या तोंडाकडे बघत. त्यांचा उजवा तळहात स्पीकरच्या लाकडी पेटीवर होता.

गाणं संपलं. त्यांनी हात काढून पदराला पुसला.

"कसं वाटलं, आक्का?"

"गर्दी झाली."

"म्हणजे?"

"बाजारात पोराचा हात सुटल्यागत झालं बग. माझं गानं हितंच कुठंतरी हाय, पर घावंना."

कोपऱ्यात क्लॅरिनेट पुसत बसलेले बाबालालचाचा जमादार हसले. "बेटी, वरात बघितलीस का कधी? पुढं बँड, मागं घोडा. घोड्यावर नवरदेव. तू घोड्यावरच बँड बसवलायस."

"तुमचेच पाच ट्रॅक आहेत त्यात," मी म्हणाले.

"म्हणून तर बोलतोय. पाचांतला एकही मला ओळखू आला नाही."

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. मी कोल्हापुरात पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करून इचलकरंजीला परत आले होते. पुण्याला पीएच.डी.ची जागा मिळत होती, ती घेतली नव्हती. वडिलांनी एक वर्ष दिलं होतं आणि त्यांच्या सुताच्या गोदामाची मागची खोली. तिथं मी लाकडी चौकटींत कापसाचं वेस्ट भरून भिंतींना लावलं, दोन स्पीकर, एक माइक आणि संगणक मांडला. भजनी मंडळं आणि कापड दुकानांच्या जाहिराती रेकॉर्ड करत होते. स्वतःचं गाणं घेऊन आलेल्या आक्का पहिल्याच.

त्या आमच्या गल्लीच्या टोकाला, मागाच्या कारखान्यात कांडी मशीनवर होत्या. मागाच्या धोट्यात जी सुताची कांडी बसते ती भरायची. अठ्ठावीस वर्षं हेच काम. सप्टेंबरच्या सुरुवातीला दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मगदुमांची पद्मजा तूच नव्हं? गानी करतीस म्हनं."

"रेकॉर्ड करते. बसा ना."

"माज्याजवळ अकरा गानी हायत. मीच केल्याली. एकच करून दे. सगळ्या वाजापसकट." मग बोटं मोजल्यासारखं करत म्हणाल्या, "खंडेनवमीला कारखाना बंद असतो. त्या दिवशी तिथं वाजवायचं. मालकाला इचारलंय मी. एकदाच. पर नवमीला म्हंजे नवमीलाच. दिवाळी न्हाई चालायची."

"एवढी घाई का?"

"गानं माझं, का तुझं?"

मग त्यांनी उभ्याउभ्याच गाणं म्हटलं.

*उभं सूत तुझं गं, आडवं सूत माझं,*
*कापड उतरलं, नाव न्हाई तुझं-माझं.*

चाल साधी होती, पण दुसऱ्या ओळीत 'नाव' या शब्दावर ती अशा जागी उतरायची की जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसं व्हायचं. मी तिथंच ठरवलं, हे गाणं असं करायचं की वडिलांना वर्ष संपायच्या आत कळेल मी काय करतेय ते. म्हणजे आक्कांना नवमीला त्यांचं गाणं ऐकायचं होतं आणि मला सगळ्यांना दाखवायचं होतं. सत्तेचाळीस ट्रॅक झाले ते त्यामुळे.

रेकॉर्डिंगच्या दिवशीच एक त्रास झाला होता. प्रत्येक कडव्याच्या आधी मी एक बारीक घंटी ठेवली होती. ती वाजली की आक्कांनी सुरू करायचं. हेडफोनमध्ये घंटी वाजायची, मी मान हलवायचे आणि मग त्या सुरू करायच्या. दर वेळी उशिरा. मोजलं तेव्हा चौदा जागी सरासरी चार दशांश सेकंदाचा उशीर निघाला. मला वाटलं, लय कच्ची आहे. मी काही बोलले नाही. नंतर संगणकावर एकेक जागा पकडून चौदाही ठिकाणी आवाज पुढे ओढला आणि सरळ रेघेवर बसवला.

"गर्दी झाली" म्हटल्यावर मला बसवेना. मी छाटायला घेतलं. सत्तेचाळीसाचे एकतीस केले. दुसऱ्या दिवशी आक्का कामावरून सुटून आल्या, तळहात पेटीवर ठेवून ऐकलं. "न्हाई गं." एकतीसाचे अठरा केले. "आजून तसंच." काय तसंच, ते सांगायच्या नाहीत. अठराचे बारा. ट्रॅक काढला की चुकल्यासारखं वाटायचं, परत घातला की जास्त वाटायचं. जेवताना मी ताटावर बोटांनी ताल धरायचे आणि आई म्हणायची, "आधी घास गीळ." वहीत मी प्रत्येक आवृत्तीचा क्रमांक, ट्रॅकची संख्या आणि आक्कांचं उत्तर लिहीत होते. सहाव्या आवृत्तीपुढे लिहिलंय: 'ट्रॅक १२. उत्तर: "ते टिंगटिंग कुठं हाय म्हनलीस?"' मी त्याचा अर्थ घेतला की संतूर त्यांना नको आहे. तेही काढलं.

"चाचा, तुम्ही सांगा," मी एकदा वैतागून म्हणाले. "वाद्यं भरली तर गर्दी होते. काढली तर गाणं उघडं पडतं. मधली जागा कुठली?"

"मी बँडवाला. आम्हाला मधली जागा माहीत नाही. नवरीचा बाप रडेपर्यंत वाजवायचं, एवढंच शिकवलंय." मग त्यांनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवली. "पण एक बघ. आक्का ऐकताना क्लॅरिनेट आली की तिचं तोंड हलत नाही. ढोलकी आली की हलतं. मी वाजवणारा माणूस, मला बरं वाटत नाही ते."

मी ते ऐकून सोडून दिलं.

नवमीला नऊ दिवस उरले तेव्हा मी सगळंच काढलं. आवाज आणि एक तंबोरा. फक्त दोन ट्रॅक. खोलीत एकटीनं ऐकलं, पुन्हा ऐकलं. वाटलं, हेच होतं. उगाच दागिने चढवत होते. कष्टकरी बाईचं गाणं, त्याला कशाला व्हायोलिन? मी स्वतःवर इतकी खूश झाले की गोदामात जाऊन वडिलांना हाक मारली. त्यांनी दारातूनच ऐकलं आणि "छान आहे" म्हणून बिलं करायला गेले.

संध्याकाळी पाचच्या सुमारास आक्का आल्या. केसांत कापसाचे तंतू होते. मी लावलं. त्यांनी तळहात पेटीवर ठेवला, मग काढला. हात मांडीवर घेऊन बसल्या. गाणं संपलं तरी त्या स्पीकरकडे बघत होत्या, अजून काही यायचं आहे अशा.

"झालं?"

"झालं. आक्का, हे तुमचं खरं गाणं आहे. मला उशिरा कळलं. साधं. काही भेसळ नाही."

"हे व्हय?" त्या म्हणाल्या. "हे तर मी न्हानीत रोज ऐकती."

"पण तुम्हीच म्हणालात गर्दी झाली."

"गर्दी नको म्हनलं. मानसंच नको म्हनलं व्हय?" त्यांचा आवाज चढला. "सगळ्या वाजापसकट म्हनलं हुतं का न्हाई मी? तुज्या घरच्या लग्नात नुसता तंबोरा लावशील? बँड लावशील. आन् माझ्या गान्याला हे. गरिबाचं गानं म्हंजे उघडंच बरं दिसतं, असं वाटतं का तुला?"

दुपारी मी अगदी तसंच म्हटलं होतं, मनातल्या मनात.

तेवढ्यात वीज गेली.

आमच्या गावात वीज गेली की आधी अंधार जाणवत नाही, आधी शांतता जाणवते. चारी बाजूंचे माग एकदम थांबतात. माझ्या खोलीला खिडकी नव्हती. समोरच्या आक्का दिसेनाशा झाल्या.

"आक्का, माझं चुकलं," मी म्हणाले. "मला तसं म्हणायचं नव्हतं."

उत्तर नाही.

"आक्का, तुम्हाला नेमकं काय ऐकायचंय ते सांगा. मी पुन्हा करते सगळं. नऊ दिवस आहेत."

उत्तर नाही. त्या रागावून बसल्या आहेत असं वाटलं. मी पुढे सरकले. आमच्यात चार फूट अंतर नसेल.

"आक्का? बोला ना."

"अंधारात बोलू नगंस गं," त्या म्हणाल्या. "लाइट येऊ दे."

मग खसखस झाली आणि त्यांच्या मोबाइलचा टॉर्च पेटला. त्यांनी तो जमिनीवर धरला नाही, दाराकडे धरला नाही. सरळ माझ्या तोंडावर धरला.

"हां," त्या म्हणाल्या. "आता बोल."

मागाच्या कारखान्यात कोणी ओरडत नाही. ओरडून उपयोग नसतो. बायका ओठांवरून बोलणं ओळखतात, लांब असल्या तर बोटांनी सांगतात: दोरा तुटला, चहा आला, मुकादम येतोय. आमच्या गल्लीत निम्मी माणसं घरीसुद्धा समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलतात. लहानपणापासून मी हेच बघत आले होते. म्हणून महिनाभर आक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या, त्याचं मला काहीच वाटलं नव्हतं.

"कधीपासून?" मी विचारलं. तोंडावर उजेड होता म्हणून शब्द सावकाश म्हटले.

"लई वर्सं. आवाज येतो गं. अक्षरं गळत्यात." त्यांनी टॉर्च थोडा खाली घेतला, पण माझे ओठ उजेडातच ठेवले. "मिरजंला कानाच्या डाक्टरनी तपासलं दोनदा. म्हनला, वरचे सूर गेलं, खालचे हायत. दर वर्साला थोडं थोडं जातंय. पुढल्या वर्सी काय ऱ्हाईल, त्यो सांगत न्हाई. मशीन घाल म्हनतो. घालून बघितलं. त्यात गानं पत्र्याच्या डब्यात खडं हलवल्यागत लागतंय."

"म्हणून यंदाची नवमी."

"मग? कारखाना वर्सातनं त्या एका दिवशी गप असतो. मी तितं अठ्ठावीस वर्सं गाती. मागाच्या आवाजात कुनाला काय ऐकू येतंय? मलाबी न्हाई. पर मला डोस्क्यात सगळं ऐकू यायचं. खाली धडधड, मधी बायका, वर आनी काय काय. एकदा कानानं ऐकायचंय ते. तितंच."

"मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू गानं केलं असतंस, का माझी कीव?"

वीज आली. माग एकेक करून सुरू झाले. मी संगणक चालू केला आणि त्या चौदा जागा उघडल्या. घंटीची वारंवारता चार हजार हर्ट्झच्या वर होती. ती त्यांना कधी ऐकूच आली नव्हती. मी मान हलवते ते बघून त्या सुरू करत होत्या. चार दशांश सेकंद. तेवढा वेळ माणसाला मान हललेली बघून श्वास घ्यायला लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी त्या आल्या. मी म्हणाले, "पाठ करून बसा. आवाज आला की बोट वर करायचं."

"शाळंत येवढ्यांदा बोट वर केलं असतं तर आज मुख्याध्यापक असती."

मी एकेक सूर लावला. माझी यंत्रं दवाखान्यातली नव्हती, पण तुलना करता येत होती. अडीचशेला बोट लगेच वर. पाचशेला लगेच. हजारला आवाज थोडा वाढवावा लागला. दोन हजारला खूप. तीन हजारला मी आवाज इतका वाढवला की आई स्वयंपाकघरातून "काय शिट्टी वाजतेय" म्हणत आली. आक्का पाठमोऱ्या शांत बसल्या होत्या, बोट गुडघ्यावर.

मग मी पहिली आवृत्ती लावली, सत्तेचाळीस ट्रॅकची. सांगितलं, "काही नवीन आत आलं की बोट." मी आधी मोजून ठेवलं होतं. त्या गाण्यात नवं वाद्य आत येण्याच्या जागा तेवीस. आक्कांचं बोट चार वेळा वर गेलं. चारही वेळा ढोलकी किंवा बेस. बाराच्या बारा व्हायोलिनी त्यांच्या कानात खालच्या पट्ट्यात एकमेकींत मिसळून नुसता गोंगाट झाल्या होत्या आणि तो गोंगाट त्यांच्याच आवाजावर बसला होता.

"किती आलं?"

"तेवीसपैकी चार."

"नापास."

"ही बघा दुसरी." दोन ट्रॅकवाली लावली. तंबोरा सुरू झाला, बोट वर. आवाज सुरू झाला, बोट वर. "दोनपैकी दोन," मी म्हणाले आणि मलाच ते ऐकून थोडं बरं वाटलं.

आक्का वळल्या. "दोनात दोन मार्क पडलं, म्हनून पैली आलीस व्हय? पेपरच दोन मार्काचा काढलास."

मी हसले नाही, कारण त्या हसत नव्हत्या.

"इकडं बग," त्या म्हणाल्या आणि दोन्ही हातांची बोटं उभी धरली. "मागाच्या बीमावर उभं दोरं किती असत्यात? हजार, दोन हजार. एकात एक गुततात का? न्हाई. का न्हाई? मधी फणी असती. दर दोऱ्याला आपली फट. दोरं कमी करून कापड हुत न्हाई. मला लई पायजे, पद्मा. पर फणी घाल मधी."

मी वहीत 'फणी' एवढंच लिहिलं आणि कामाला लागले.

आठ दिवस होते. आधी चौदा जागी ओढलेला आवाज होता तिथं परत नेला. मग वाद्यं त्यांच्या श्वासाला बांधली. रेघ पुसून टाकली. दीड हजाराच्या खालची जागा वाट्यानं वाटली. कोण कुठं बसेल, कोण कधी उठेल. एक वाद्य आत येण्याआधी बाकीच्यांनी अर्धा सेकंद थांबायचं. संतूर गेलं, बासऱ्या गेल्या, तरंगणारे सूर गेले. व्हायोलिनच्या ताफ्याऐवजी त्याहून खालच्या सुराचा एक चेलो, तोही संगणकातलाच, आणि जोडीला हार्मोनियमची पेटी. कांडीवाल्या चार बायकांना जेवणाच्या सुट्टीत खोलीत आणलं आणि खालच्या पट्टीत नुसतं गुणगुणायला लावलं. त्या इतक्या लाजल्या की पहिले सहा प्रयत्न नुसत्या हसण्याचे निघाले. ते मी अजून ठेवलेत.

चाचांना म्हणाले, "खालच्या सप्तकात वाजवा."

"बेटी, खालच्या सप्तकात क्लॅरिनेट म्हणजे म्हशीनं हंबरल्यासारखं. वरात हसेल मला."

"वरात नाहीये. आक्का आहेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. पण ते चाळीस वर्षं बँडमध्ये होते. ढोलाशेजारी उभ्या राहिलेल्या माणसांचे कान त्यांनी पाहिले असणार. "असं आहे होय," ते म्हणाले आणि क्लॅरिनेटच्या तोंडाला नवी पात बसवली. नंतर इतकं हळू वाजवलं की मला वाटलं ते क्लॅरिनेटला काही विचारतायत.

मी रोज बदलत होते. सातव्या दिवशी मोजलं तर आठ वाद्यं होती. त्यांशिवाय घुंगरू राहिले होते. ते सहा हजारांच्या वरचे. मी काढून टाकले आणि आक्कांना सांगितलं. त्यांना दाखवायचं म्हणून नव्हे, हिशेब पुरा व्हावा म्हणून.

"घुंगरू का काढलंस?"

"तुम्हाला ऐकू येणार नाहीत."

"मला येनार न्हाईत. बाकीच्यांला?"

"काहींना येतील."

"मग घाल की. मी डोस्क्यात घातल्यात ते. तिसऱ्या कडव्यात, 'नाव' म्हनल्यावर. माझ्या कानापायी गानं लंगडं करू नगंस."

"पण मग तुमच्यासाठी ते..."

"मला ठावं असंल हायत म्हनून. बास."

मी घुंगरू परत घातले. तीन मिनिटं एकतीस सेकंदांवर, एकदाच. नऊ वाद्यं झाली. नऊ प्रवेश.

खंडेनवमीला सकाळी अकरा वाजता मी आणि चाचा स्पीकर हातगाडीवर घालून कारखान्यात गेलो. चोवीस माग पुसून ओळीनं उभे होते. प्रत्येकाला झेंडूची माळ, हळदीकुंकू, धोट्यावर अक्षता. शेजारचे कारखाने बंद, पलीकडचे बंद. या जागेत मी पूर्वी एकदा आवाज मोजला होता, अठ्ठ्याण्णव डेसिबल. आज पत्र्यावर चिमणीची नखं वाजत होती ती ऐकू येत होती.

एकोणीस बाया जमल्या होत्या, ठेवणीतल्या साड्या नेसून. पेढे वाटून झाले. मालक दोन मिनिटं थांबून दुसऱ्या कारखान्याच्या पूजेला गेला. मी स्पीकर कांडी मशीनशेजारी स्टुलावर ठेवला, आक्कांच्या बसायच्या जागेपासून सहा फुटांवर.

"आक्का, हात ठेवायचा असेल तर जवळ आणते."

"नगं." त्या त्यांच्या स्टुलावर बसल्या. "आज कानानंच."

"बोट?"

"करती की. परीक्षा हाय नव्हं तुझी?"

"कशाची परीक्षा गं?" मागून एक बाई म्हणाली.

"गप बस, मालू. तुझाबी आवाज हाय त्यात. फाटक्या भांड्यागत वाजलीस तर सगळ्यांफुडं कळंल."

बाया हसल्या. चाचांनी टोपी काढून हातात घेतली. ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि मग टेकायचं सोडून सरळ झाले.

मी वही उघडली, तिच्यात नऊही प्रवेशांच्या वेळा लिहून घेतल्या होत्या, आणि गाणं लावलं.

आक्कांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग डोळे मिटून घेतले.

*उभं सूत तुझं गं.* एकटा आवाज. त्यामागे तंबोरा आला. बोट वर. मी खूण केली. बावीस सेकंदांवर बेस, बोट वर. ढोलकीची डावी बाजू, बोट वर. त्यानंतर अर्धा सेकंद सगळं थांबलं आणि चाचांची क्लॅरिनेट खालून उठली. बोट वर गेलं आणि तसंच वर राहिलं, ओळ संपेपर्यंत. मी चाचांकडे बघितलं नाही. बायकांचा गुणगुणाट आला, मालूनं तोंडावर पदर घेतला, आक्कांचं बोट वर.

सहाव्यांदा पेटी येणार होती. मला तिची खात्री होती. तीनशे ते सहाशेच्या मधली जागा मी तिच्यासाठी मोकळी ठेवली होती. पेटी आली, दोन ओळी वाजली, गेली. बोट गुडघ्यावरच होतं. वहीत तिच्यापुढची जागा मी कोरी सोडली. मान हलवून सुचवण्यातही अर्थ नव्हता, त्यांचे डोळे मिटलेले होते.

चेलो. बोट वर. दुसरी क्लॅरिनेट, पहिलीच्या खाली. बोट वर.

तिसरं कडवं. *कापड उतरलं, नाव...* पुढचा सूर त्या पायरी नसलेल्या जागी उतरला. तीन मिनिटं एकतीस. कारखान्यात घुंगरू एकदा वाजले. दोन-तीन तरुण पोरींनी पत्र्याकडे वर पाहिलं. आक्कांचे ओठ हलत होते, त्या आतल्या आत म्हणत होत्या. हात मांडीवर स्थिर होता.

गाणं संपलं. आक्कांनी डोळे उघडले आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"किती?"

मी वही त्यांच्याकडे वळवली.

प्रवेश नऊ. बोट वर सात.